घरात नवा कुत्रा आणि पोरं: नागपूरकर पालकांचे नेहमीचे प्रश्न

कुत्रा घरी यायच्या आधीच त्याचं नाव ठरलेलं असतं, पट्टा आणलेला असतो, शाळेत सांगून झालेलं असतं. खरे प्रश्न तो आल्यावर सुरू होतात. दोन ते बारा वर्षांच्या मुलांचे आईवडील जे हमखास विचारतात, ते इथे घेतलं आहे. उत्तरं पिल्लाला धरून आहेत. मोठा किंवा रस्त्यावरून दत्तक घेतलेला कुत्रा असेल आणि त्याने काही फरक पडत असेल, तर तसं सांगितलं आहे.

पहिल्या दिवशी मुलांची आणि कुत्र्याची भेट कशी घालून द्यायची?

आणल्याबरोबर घरात नेऊ नका. आधी कंपाउंडमध्ये किंवा इमारतीखाली दहा मिनिटं पट्ट्यावर फिरवा, शी-शू होऊ द्या. मुलांना हॉलमध्ये खाली चटईवर बसवा, एका वेळी एकच. मुलाने कुत्र्याकडे तोंड न करता थोडं तिरकं बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. कुत्रा येऊन हुंगेल, निघून जाईल, पुन्हा येईल. दुसऱ्यांदा आपणहून आला की मुलाने छातीवर किंवा खांद्याजवळ मोजून तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्र्याने नाकाने हात ढकलला, अंग टेकवलं, तर पुन्हा तीन सेकंद. तो उठून गेला तर जाऊ द्यायचं.

हा तीन सेकंदांचा नियम पुढे कायम ठेवा. जवळ यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे आणि पोरगं मागे लागत नाही, हे ज्या कुत्र्याला कळतं तोच पोराजवळ जास्त येतो. गट्टी जमण्याचं निम्मं गुपित एवढंच.

डोक्यावरून थोपटणं टाळा. वरून येणारा हात अनोळखी कुत्र्याला आवडत नाही. आणि पहिल्या दिवशी मामेभावंडं, ट्युशनचे मित्र, वरच्या मजल्यावरच्या काकू अशी बारशासारखी गर्दी नको. आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही.

त्याची जागा कुठे करायची?

जिथून सगळे दिसतात पण कुणी ओलांडून जात नाही, अशा कोपऱ्यात. खाली जाड चादर, बाजूला पाण्याचं भांडं. मुलांनाच त्या जागेभोवती खडूने रेघ आखायला सांगा. रेघेच्या आत कुत्रा असला की त्याला हात लावायचा नाही, हाकही मारायची नाही. स्वतः आखलेली रेघ पोरं जास्त पाळतात. लहान भावाला नियम समजावायचं कामही मग मोठी बहीण आनंदाने अंगावर घेते.

किती दिवसांत रुळतो?

ढोबळमानाने तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस तो गोंधळलेला असतो, कमी खातो, जास्त झोपतो. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि खऱ्या सवयी दिसू लागतात, वाईटसुद्धा. पूर्ण विश्वास बसायला तीनेक महिने लागतात. दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. ‘पहिल्या आठवड्यात किती शांत होता, आता काय झालं’ असं वाटलं तर घाबरू नका. तेव्हा तो शांत नव्हता, बावरलेला होता.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका. भावंडांशी खेळतानाच त्याला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडून खेळ थांबवतो. पाच आठवड्यांचं आणलेलं पिल्लू हे शिकलेलं नसतं आणि त्याची शिकवणी मग तुमच्या पोरांच्या हातांवर होते.

पिल्लू मुलांचे हातपाय चावतं, पँट धरून ओढतं. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. यात राग, वर्चस्व वगैरे काही नसतं. पिल्लू जग तोंडाने तपासतं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. आणि पळणारं, किंचाळणारं, हात झटकणारं पोट्टं हे त्याच्या दृष्टीने जगातलं सर्वोत्तम खेळणं.

मुलांना ‘झाड व्हायला’ शिकवा. पिल्लू अंगावर आलं की जागीच थांबायचं, हाताची घडी घालायची, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंड बंद. कुत्रा नसताना याची तालीम घ्या. पोरं हसत-हसत शिकतात आणि ऐन वेळी तेच आठवतं. रस्त्यावरचा कुत्रा अंगावर आला तरीही हेच कामी येतं.

मूल झाड झालं की पुढचं काम मोठ्या माणसाचं. पिल्लासमोर दोरीचं खेळणं किंवा जुन्या टॉवेलची गाठ धरा आणि ते तोंडात घेतलं की शाबासकी द्या. सुती फडकं ओलं करून, गाठ मारून फ्रीजरमध्ये कडक केलं तर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरं वाटतं. ते मऊ पडून धागे सुटू लागले की काढून घ्या. तरीही चावत असेल तर पिल्लाला न रागावता त्याच्या कोपऱ्यात न्या आणि दाराला आडवी फळी लावून दोन मिनिटं एकटं सोडा.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू वेड लागल्यासारखं चावतं का? मग ते दमलेलं आहे. पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. सकाळची शाळा सुटून पोरं दुपारी घरी येतात आणि झोपलेल्या पिल्लाला उठवतात, त्याचा हिशोब संध्याकाळी चुकता होतो. दुपारची झोप सक्तीची करा, दोघांचीही.

आणि घरातल्या एखाद्या काकांना हाताने पंजा लढवत पिल्लाला चेतवायची सवय असते. ती आधी बंद करा. मोठ्यांच्या हाताला चावलेलं चालतं आणि पोरांच्या हाताला चालत नाही, हा फरक पिल्लाला कळत नाही. नाकावर चापट मारणं, जबडा दाबून धरणं याने उलट माणसाचा हात जवळ आला की ते बिचकू लागतं.

मिठी मारली की तो जांभई देतो, तोंड फिरवतो. कंटाळतो का?

कंटाळत नाही, अवघडतो. झोप नसताना दिलेली जांभई, खाणं समोर नसताना जीभ काढून नाक चाटणं, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, शेपूट पायात घेणं, कान मागे पाडणं, या सगळ्याचा अर्थ ‘आता पुरे’. यातली सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास सुटणारी खूण म्हणजे अचानक ताठ होऊन स्तब्ध होणं. हलणारी शेपूट थांबली, श्वास रोखला, की मुलाला शांत आवाजात दुसरीकडे बोलवा. ओरडू नका.

माणसाची मिठी कुत्र्याला पकड वाटते. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक वेळा ओळखीच्याच कुत्र्याचे, घरातलेच आणि चेहऱ्यावर किंवा मानेवर असतात, कारण मिठी मारताना मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. फोटोसाठी गळ्यात हात टाकायला लावणं बंद. शेजारी बसलेला फोटो काढा.

गुरगुरला तर शिक्षा करायची?

नाही. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि सूचना दिल्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. मुलाला बाजूला घ्या, मग कशावरून गुरगुरला ते शोधा: खाणं, खेळणं, झोपमोड, दुखणं. कानात पू किंवा पंजात काटा असलेला कुत्राही हात लागला की गुरगुरतो.

नागपुरात आणखी एक कारण सापडतं. एप्रिल-मेमध्ये घरातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे कूलरसमोरची चार फूट फरशी. तिथे कुत्रा पसरलेला असतो आणि पोरं उशी घेऊन त्याला सरकवायला जातात. हाडकावरून भांडण व्हावं तसं या जागेवरून होतं. कूलरच्या झोतातच पण बाजूला त्याची ओली गोणपाटाची बैठक करून द्या आणि हाताने ढकलण्याऐवजी खाऊ दाखवून उठवा. जाता जाता कूलरच्या जाळीतलं गवत आणि खालची वायर पिल्लाच्या तोंडापासून दूर आहे ना, तेही बघा.

कुत्रा जेवताना त्याच्या भांड्यात हात घालून सवय लावावी म्हणतात, ते खरं का?

ही जुनी आणि धोक्याची समजूत. तुमच्या ताटात कुणी रोज हात घातला तर तुम्हालाही सवय होणार नाही, वैताग येईल. उलट करा. तो जेवत असताना मोठ्याने दोन हात लांबून जाता जाता भांड्याशेजारी उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि थांबायचं नाही. माणूस जवळ आला की जेवणात भर पडते, हे त्याच्या डोक्यात बसतं. हे मोठ्यांचं काम. तो जेवत असताना दहा वर्षांखालच्या मुलांनी भांड्याजवळ जायचंच नाही.

मुलाचं खेळणं त्याने पळवलं तर ओढायचं नाही. मुलाने मोठ्यांना हाक मारायची, मोठ्यांनी पनीरचा तुकडा देऊन अदलाबदल करायची. मागे धावाल तर ‘मोजा पळवला की सगळं घर खेळतं’ हे तो एका दिवसात शिकतो.

मुलांनी त्याच्याशी नेमकं काय खेळावं?

ज्या खेळात कुत्र्याचं नाक किंवा डोकं चालतं तो चांगला. ज्यात मूल पळतं आणि कुत्रा मागे लागतो, किंवा दोघं जमिनीवर लोळून कुस्ती करतात, तो टाळावा.

लपंडावाने सुरुवात करा. मोठ्याने कुत्र्याला धरायचं. मुलाने हरभऱ्याएवढे तीन खाऊचे तुकडे मुठीत घेऊन पडद्याआड जायचं आणि एकदाच नावाने हाक मारायची. कुत्र्याने शोधून काढलं की तुकडे जमिनीवर टाकायचे. हातातून वर धरून दिले तर तो उड्या मारायला शिकतो, म्हणून जमिनीवर. जमलं की पुढच्या वेळी दुसरी खोली, मग पलंगामागे. खेळ बिघडतो तो दोन कारणांनी: पोरं दहा हाका मारतात आणि नावाला किंमत राहत नाही, किंवा सापडल्यावर ‘भ्वाँ’ करून दचकवतात. चार-पाच फेऱ्या झाल्या की थांबा, त्याला अजून खेळायचं असतानाच. ‘ये’ म्हटल्यावर येणं याच खेळातून फुकटात शिकवून होतं.

दुसरा नाकाचा खेळ. जुना टॉवेल पसरा, मुलांना त्यावर खाऊचे तुकडे पेरू द्या, गुंडाळी करा आणि कुत्र्याला उलगडू द्या. स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून शोधायला लावू नका. वाटी फरशीवर खणकली की भित्रं पिल्लू पुन्हा तिकडे फिरकत नाही. कागदी कप बरे.

तिसरा ‘नाच-थांब’. मुलं हळू नाचतात, मोठा माणूस ‘थांब’ म्हणतो, सगळे पुतळे होतात आणि कुत्रा बसला की त्याला खाऊ. पोरं शांत झाली की आपणही शांत व्हायचं, हे कुत्रा शिकतो. आठवडाभर हा खेळून झाला की मगच चेंडूकडे जा.

चेंडू नेहमी दोन घ्या. एक आणून दिला की दुसरा फेकायचा, म्हणजे तोंडातून ओढायची पाळी येत नाही. चेंडू त्याच्या घशात जाणार नाही इतका मोठा हवा. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडॉरला टेनिस चेंडू लहान पडतो. क्रिकेट चालू असताना कुत्रा मैदानाबाहेर बांधलेला असू द्या. क्षेत्ररक्षण तो झकास करतो, पण फिरणाऱ्या बॅटच्या टप्प्यात त्याचं डोकं केव्हा येतं ते फलंदाजाला दिसत नाही.

दोरीची ओढाओढी चालते का?

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना चालते. दोरी हातभर लांब, ‘सोड’ म्हटलं की सोडलं पाहिजे, दात कातडीला लागले की खेळ बंद. दोरी डावी-उजवी हलवायची. वर उचलून झटके दिले तर पिल्लाच्या मानेला इजा होते. पाच वर्षांखालच्या मुलांनी खेळू नये, ती तोल जाऊन कुत्र्यावरच पडतात.

कोणत्या वयाच्या मुलाला कोणतं काम द्यावं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाने मोठ्याच्या मांडीवर बसून लाकडी चमच्याला लावलेलं दही चाटवावं. बोटं दातांपासून लांब राहतात. पाच-सहा वर्षांचं मूल पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा बदलू शकतं. आठ वर्षांचं मूल जेवण मोजून काढेल, ‘बस’, ‘ये’ शिकवेल. दहाच्या पुढे अंग विंचरणं, गोचीड तपासणं. कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बघायला सांगा, पण सापडलेली गोचीड चिमट्याने मोठ्यांनीच काढायची, बोटांनी चिरडायची नाही.

मात्र कुत्र्याची जबाबदारी मुलाची, असं ठरवून आणला असेल तर तो करार महिनाभरात मोडतो. जबाबदारी तुमचीच, मुलांनी हातभार लावायचा.

पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा, कितीही गरीब असला तरी, एका खोलीत एकटे सोडायचे नाहीत. गॅसवरचं दूध बघायला गेलात तर दोघांपैकी एकाला बरोबर घ्या.

मुलीच्या मागे-मागे फिरतो, मुलाकडे बघतही नाही. भांडणं होतात.

बहुतेक घरांत शांत मूल त्याला आवडतं, दंगेखोर नाही. आठवडाभर संध्याकाळचं जेवण आणि लपंडाव मुलाकडे द्या. मुलीने त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबावं. मुलाला हळू बोलायला आणि वाकून अंगावर न जायला शिकवलं की पारडं हलतं.

मूल कुत्र्याला घाबरतं. हातात हात देऊन थोपटायला लावू का?

अजिबात नको. आधी जाळीच्या दाराआडून बघणं, मग लांबून खाऊ फेकणं, मग मोठ्याने पट्टा धरलेला असताना पाठीमागून चालणं. एक पायरी सहज जमली की दुसरी. आजी-आजोबांच्या ‘अरे काही करत नाही तो’ने भीती जात नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात खेळायचं केव्हा?

पहाटे सहाच्या आधी आणि रात्री आठनंतर. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, नवतपात रात्रीसुद्धा डांबर गरम राहतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. जमत नसेल तर पंजेही भाजतील. हे तपासायचं काम मुलांना द्या, त्यांना आवडतं. अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठी न्यायचं असेल तरी वेळ हीच.

दुपारचे खेळ घरात, कूलरच्या खोलीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात पाच मिनिटांहून जास्त पळवू नका. हस्की आणायचा विचार असेल तर सोडून द्या, हे स्पष्टच सांगतो. आपल्या हवेत मुलांबरोबर दंगा करायला गावठी कुत्र्यासारखा दुसरा नाही.

खूप धापा टाकतोय, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत, तर तो उष्माघात. साध्या नळाच्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा, तोंडात पाणी ओतू नका आणि थेट डॉक्टरकडे न्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथली वेळ आणि घराजवळच्या डॉक्टरचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

मुलं ताटातलं भरवतात. काय चालतं?

चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा-लसूण आणि शुगरफ्री च्युइंगगम विषारी. म्हणजे तर्री-पोहे बाद, सांबारवडी बाद. सावजीच्या रश्श्यातली हाडं तर दुप्पट वाईट: मसाला वेगळा, आणि शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडतं. संत्र्याच्या बिया-साल काढलेल्या एक-दोन फोडी चालतात, जास्त दिल्या की जुलाब. रोजच्या जेवणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त खाऊ नको, म्हणून मुलांना सकाळीच एका वाटीत दिवसाचा खाऊ काढून द्या. वाटी संपली, खाऊ संपला.

सणांच्या दिवसांत काय सांभाळायचं?

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरांच्या टोळ्या बोजारा मागायला दारात येतात, दर दहा मिनिटांनी बेल वाजते. त्याच दिवशी महाल-इतवारीकडे मारबतीचे ढोल. कुत्र्याला आतल्या खोलीत चघळायला काही देऊन ठेवा, दार मुलांनी उघडायचं नाही. संक्रांतीला ‘ओ काट’च्या नादात सगळे वर बघत असतात आणि कुत्रा स्लॅबच्या बुटक्या कठड्याकडे पळतो. शिवाय मांजाने पंजे चिरतात, गिळला तर आतड्यात अडकतो. त्या दिवशी कुत्रा खाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना अंगणातला मांजा वेचायला लावा, हातमोजे घालून. दिवाळीत फटाके संपेपर्यंत बाहेर फिरवणं नाही. घाबरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो.

फिरायला नेताना पट्टा मुलाच्या हातात द्यावा का?

दोन पट्टे लावा. एक मुलाच्या हातात, दुसरा तुमच्या. ओढ बसली की तुमच्याकडे. पट्टा मनगटाला गुंडाळू देऊ नका. गल्लीतले कुत्रे अंगावर आले तर मुलाने हातातला पट्टा सोडून झाड व्हायचं, आपल्या कुत्र्याला उचलायचं नाही. उचललं की गल्लीतले कुत्रे वर उड्या मारतात आणि मध्ये मूल सापडतं.

खेळताना दात किंवा नख लागलं. घरचाच कुत्रा आहे, लस झालेली आहे, तरी?

कातडी सोलली, रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, दोन मिनिटं धुऊन पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मेयो-मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल किंवा चेहऱ्यावर असेल तर जखमेत द्यायचं वेगळं औषधही लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण ते दहा दिवस सरेपर्यंत लस लांबवायची नसते.

कुत्र्याची रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. पिल्लाच्या शीमधून येणारे गोल जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून खेळून आल्यावर साबणाने हात, आणि अंगणातली शी त्याच दिवशी उचलायची.

रात्री मुलांच्या बिछान्यात झोपू द्यावं का?

पहिलं वर्षभर नको. झोपेत पाय लागला की कुत्रा दचकतो, आणि दचकलेला कुत्रा आधी तोंड चालवतो, मग बघतो. मुलं पाच-सहा वर्षांपुढची असतील तर त्याची चादर मुलांच्या खोलीत, पलंगापासून दूर, दाराशी टाका आणि दार उघडं ठेवा.